सेकंदाला तीन लहरी

"सूर बरोबर आहे रे तुझा," इंदूताई म्हणाल्या, "पण सरळसोट आहे. लावला की लावला. गिटार वाजवतोयस का पेटी?"

ऑर्गनवर बसलेला रफिक हसला. मी कुणाचा मुलगा ते त्याला ठाऊक होतं. सांगलीत तेव्हा पांचाळ पेटीवाले म्हटलं की कुणीही आमच्या दुकानाच्या पायरीपर्यंत आणून सोडायचा. मला हसू आलं नाही. इंदूताई घोरपडेंच्या ऑर्केस्ट्रातली लीड गिटारची जागा रिकामी होणार होती, गणपतीतले दहा कार्यक्रम ठरलेले होते, आणि ती जागा मला काहीही करून हवी होती.

"लांब सूर आला की तो जरा हलव," ताई म्हणाल्या. "मी गाते तेव्हा शेवटचा सूर नुसता उभा ठेवते का?"

मी हलवला. म्हणजे तारेवर दाबलेलं बोट जमेल तेवढं थरथरवलं. ताईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"थंडी वाजतीय का त्याला?"

रफिक पुन्हा हसला. खिडकीशी बसलेला शमुवेल तेवढा हसला नाही. जागा त्याचीच होती. तो महिन्याभरात दुबईच्या कुठल्याशा हॉटेलात वाजवायला जाणार होता, आणि माझं नाव ताईंना त्यानंच सुचवलं होतं.

"पुढच्या रविवारी ये, दहा वाजता," ताई म्हणाल्या. "कोल्हापूरचा एक जण त्याच दिवशी येणार आहे, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. दोघांचं ऐकीन आणि तिथल्या तिथं सांगीन. मला पेटी नकोय जयवंत. पेटी आहे माझ्याकडे."

ही गोष्ट १९८४ सालची. मी एकवीस वर्षांचा होतो आणि डोकं गरम होतं. सायकल हाणत दुकानात आलो तर अण्णा, माझे वडील, नेहमीच्या बाकड्यावर, पुढ्यात उघडी पेटी घेऊन बसलेले. पेटीच्या आत पितळेच्या छोट्या पट्ट्या असतात, हवा गेली की त्या बोलतात. आमच्या धंद्यात त्या पट्टीलाच सूर म्हणतात. चांगल्या पेटीत एकेका पांढऱ्या-काळ्या बटणाखाली असे दोन सूर असतात, आणि ते दोन अगदी एकमेकांत मिसळावे लागतात. केसाइतका जरी फरक राहिला तरी आवाज वर-खाली व्हायला लागतो, वँव-वँव-वँव. त्याला आम्ही लहर म्हणतो. सेकंदाला किती लहरी येतात ते मोजायचं, मग कानशीनं पट्टीचं टोक घासलं तर सूर चढतो, बूड घासलं तर उतरतो. लहर मरेपर्यंत घासत राहायचं. अण्णांनी लावलेल्या पेटीत लहर सापडली, असं सांगणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

मी समोर बसायच्या आधीच त्यांनी भाता ओढला आणि बटण दाबलं.

"किती?"

"दोन," मी म्हणालो.

त्यांनी कानस फिरवली. "आता?"

"एक. आणखी थोडं. गेली."

माझ्या पंधराव्या वर्षापासून हे असंच चाललं होतं. समोर बसलो की किती, आता, गेली का. स्वतःला सगळं माहीत असून मला विचारायचं, ही त्यांची शिकवायची तऱ्हा, असं मी धरून चाललो होतो. मला त्या बाकड्यावर कायमचं बसवायचा डाव आहे असंही वाटायचं आणि त्याचा मनस्वी राग यायचा.

"अण्णा, आठ दिवस मी दुकानात बसणार नाही."

कानस थांबली. "गणपतीच्या तोंडावर? ह्या सात पेट्या कुणी बघायच्या?"

"तुम्ही बघाल की. सरावाला जायचंय मला, शमुवेलकडं, मिरजेला." मी इंदूताईंनी काय सांगितलं ते सांगितलं.

"सूर हलवायला शिकायचं?" अण्णांनी पट्टी उजेडात धरून पाहिली. "चाळीस वर्षं मी सूर हलायचा थांबवतोय. आन तू हलवायला शिकायला निघालास."

"त्यांना तसाच पाहिजे."

"न्हाई जमलं तर?"

हा प्रश्न त्यांनी साध्या आवाजात विचारला होता. मीच भडकलो. "नाही जमलं तर गिटार शमुवेलला देऊन टाकतो आणि ह्या बाकड्यावर येऊन बसतो. जन्मभर. पुन्हा गिटारचं नाव काढणार नाही."

आतल्या दारात आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "असलं काही बोलू नये."

"शब्द दिलास?" अण्णांनी विचारलं.

"दिला."

त्यांनी कानस पुन्हा उचलली. "बरं," म्हणाले, आणि पेटीवर वाकले.

शमुवेलची खोली मिरजेत मिशनच्या आवारामागे होती. रोज सकाळी आठला मी तिथं जायचो आणि पाचला परत निघायचो. पहिल्या दिवशी त्यानं माझं तिसरं बोट पाचव्या फ्रेटवर ठेवलं आणि आपल्या दोन बोटांनी ते धरून ठेवलं.

"हे हलवायचं न्हाई. बोट झोपलंय असं समज. हलायचं ते मनगट. कुलपात किल्ली घातलीस, कुलूप उघडायचं न्हाई, नुसती किल्ली सैल हाय का बघायची. तसं."

मी मनगट फिरवलं. तार वर सरकली, सूर चढला.

"आता परत ये. पुरता परत ये. गिटारचा सूर ढकलला की चढतोच, उतरत न्हाई. म्हणून दर खेपेला घरी यायचं आन मगच पुन्हा निघायचं. तुझं काय होतंय, घरी यायच्या आधीच दुसऱ्यांदा निघतोस. मग सूर वरच्या वर लोंबकळतो."

"सेकंदाला किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"किती वेळा हलवायचं? तीन, चार, पाच?"

शमुवेल माझ्याकडे बघतच राहिला. "असं मोजत्यात होय रे?"

मला दुसरं येत नव्हतं. लहान असल्यापासून मी सूर मोजतच आलो होतो. त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर मी सेकंदाला चार धरले, मग पाच, मग साडेचार. मंगळवारी तिसऱ्या बोटाला फोड आला, बुधवारी फुटला. गुरुवारी बोटाला चिकटपट्टी गुंडाळून वाजवलं तर तार बोलेना, म्हणून पट्टी काढून टाकली. जेवताना भाकरीचा तुकडा मोडायचा म्हटला तरी कळ यायची. घरी अण्णा काही विचारायचे नाहीत. मी आलो की ते दुकानात एकटेच, दिवा लावून, पेटीला कान लावून बसलेले दिसायचे. गणपतीची घाई, दुसरं काय, असं मनाशी म्हणून मी हातपाय धुवायला आत जायचो.

शुक्रवारी शमुवेलनं खाटेवर आडवा पडून ऐकलं.

"थंडी गेली," तो म्हणाला.

"मग?"

"आता शिवणयंत्र चालू हाय. घर्र घर्र, एका मापात."

"दोनच दिवस राहिले शमुवेल."

"ठाऊक हाय मला." तो उठून बसला. त्याचाही आवाज उतरला होता. "हे बघ, ताईंना तुझा हात नको हाय. त्यांचा सूर चालला की तुला काय ऐकू येतं ते पाहिजे. तू ऐकतच न्हाईस. मोजतोस नुसतं."

शनिवारी संध्याकाळी मी लवकर घरी आलो. उद्याचा निकाल मला दिसत होता. बाकडं, कानस, किती, आता, गेली का. उंबऱ्यातच अण्णांनी हाक मारली.

"जया, हिकडं ये."

त्यांच्या तळहातावर शिसवीची एक डबी होती, काड्यापेटीएवढी. एका बाजूला फुंकायला भोक, आत एकच पितळी सूर. इतकं सुबक काम मी त्यांच्या हातून फार दिवसांत पाहिलं नव्हतं. कडा गोल केलेल्या होत्या, लाकडाला तेल लावून पुसलेलं होतं.

"पहिल्या तारेचा सूर हाय," ते म्हणाले. "उद्या ह्याच्यावर लाव. त्या ऑर्गनवर लावू नको. विजेची वस्तू, गरम झाली की घसरते. हा न्हाई घसरायचा. जर्मन काट्यावर मिळवलाय मी. तीन दिवस घासतोय." जर्मन काटा म्हणजे ठोकला की एकच पक्का सूर देणारा त्यांचा पोलादी चिमटा.

मी पडलो तर त्यांचं भलं होतं, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तरी ते तीन दिवस माझ्यासाठी घासत बसले होते. मी वाकून पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

रविवारी दहाच्या आधी मी हॉलच्या पायरीवर बसून डबी फुंकली आणि गिटार लावली. पहिली तार डबीवर, बाकीच्या पहिलीवर. लहर मरेपर्यंत खुंट्या पिळल्या. माझ्या कानात खोट नव्हती.

आत कोल्हापूरचा वाजवत होता. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा होता, इस्त्रीचा शर्ट, आणि बोटं तेलातून निघाल्यासारखी सुळसुळीत. ताई मान हलवत होत्या. त्याचा सूर थरथरतही होता, छान, एकसारखा. संपल्यावर ताई म्हणाल्या, "तयारी चांगली आहे तुमची," आणि मला त्याच क्षणी उठून घरी जावंसं वाटलं. तो बाजूच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला. जायचं त्याच्या मनात दिसत नव्हतं.

मी वायर लावली. रफिक म्हणाला, "सूर देऊ?"

"नको. लावलेली आहे."

"तरी ऑर्गनवर बघून घे," ताई म्हणाल्या.

"अण्णांनी सूर करून दिलाय. त्याच्यावर लावलीय." इथवर ठीक होतं. पण माझी जीभ थांबली नाही. "फरक असलाच तर ऑर्गनचा असेल."

रफिकनं भुवया वर केल्या. शमुवेलनं खिडकीतून बाहेर पाहिलं. ताई माइकपाशी गेल्या. "बरं. संथ गाणं घेऊ. मधली जागा तुझी. एकदाच वाजवायचं, थांबायचं नाही."

सुरुवातीच्या बारीक सुरांत काही कळलं नाही. बोटं पळत होती आणि मी घड्याळ मोजायची तयारी करत होतो. मग पहिला लांब सूर आला. मी तो धरला, खाली ऑर्गनवर रफिकनं तोच धरलेला, आणि लहर आली.

वँव, वँव, वँव. सेकंदाला तीन.

ऑर्गन घसरलाय, हे माझ्या मनात पहिलं आलं. बरं वाटलं मला. मग ताईंनी ओळ उचलली आणि त्यांचा सूर ऑर्गनवर जाऊन बसला. त्या दोघांत लहर नव्हती. एकसुद्धा नव्हती. मी त्यांच्यामागे हळूच एक तार छेडली आणि पुन्हा तीन लहरी आल्या.

खोटा मीच होतो. सहाच्या सहा तारा, तीन लहरी खाली.

थांबावं तर ताईंनी आधीच सांगितलेलं, आणि ऑर्गनला नाव ठेवून वर मीच खुंट्या पिळायला बसलो असतो तर त्या कोल्हापूरच्याला वाजवायचीही गरज पडली नसती. दोन ओळींनंतर माझी जागा होती. तिच्यात चार लांब सूर, एकापाठोपाठ एक, सगळे उघडे. ताईंची दुसरी ओळ संपत आली. डबी खोटी कशी निघेल, हा विचारसुद्धा डोक्यात नीट उभा राहत नव्हता.

पहिला सूर मी धरला आणि लहर आली. तेव्हा मी जे केलं ते गिटारवाल्याचं नव्हतं. पेटीवाल्याच्या मुलाला लहर ऐकू आली की त्याला ती मारायची असते, तेवढंच. कानस हातात नव्हती, म्हणून मी तार ढकलली. मनगट फिरलं, सूर केसभर चढला आणि लहर मेली. बोट फोडामुळं तिथं टिकेना, ते खाली आलं आणि लहर परत आली. पुन्हा ढकललं, मेली. पुन्हा आली. मला आता घड्याळ दिसत नव्हतं, मोजणंही सुटलं होतं. मला फक्त ऑर्गन ऐकू येत होता आणि त्याच्यापासून माझा सूर किती लांब आहे ते. लांब गेला की ओढून आणायचा. दुसऱ्या सुराला लहर दाट आली तर मनगट घाईनं फिरलं. तिसऱ्याला ती उशिरा आली, मीही उशिरा हललो. चौथा सूर ताईंच्या ओळीला टेकत होता. त्या गायला लागल्या तरी मी तो सोडला नाही, कारण अजून तो पुरता मिटला नव्हता.

ताई गाता गाता वळल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटची ओळ त्यांनी नेहमीपेक्षा लांबवली. मी त्यांच्या मागोमाग गेलो, ढकलत, परत येत. मग सगळं थांबलं.

रफिकनं ऑर्गनवरून हात काढले नाहीत. "जयवंत, पहिली तार मोकळी वाजव बघू." मी वाजवली. त्यानं खाली तोच सूर दाबला. हॉलभर वँव-वँव ऐकू आलं. "खाली आहेस की तू. चांगला खाली आहेस."

"हो."

"आणि गाणंभर वर ढकलत होतास?" ताईंनी विचारलं.

"हो."

कोल्हापूरच्याची घडी सुटली होती. ताईंनी त्याच्याकडे पाहून हात जोडले, त्याला दोन चांगले शब्द सांगितले आणि माझ्याकडे वळल्या. "बुधवारी तालमीला ये. आणि यापुढे ऑर्गनवर लावायची. काय?"

शमुवेल मला बाहेर पायरीपर्यंत घेऊन आला आणि पाठीत एक गुद्दा घातला. मला आनंद झाला होता, पण तो मला धड उपभोगता येईना. डबी खिशात होती. अण्णांच्या हातचा सूर तीन लहरी खाली असू शकत नाही. चाळीस वर्षांत झालेला नाही. मग तो खाली आलाच कसा, याला माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि घरी पोचेस्तोवर ते पक्कं झालं.

अण्णा बाकड्यावर होते. मी डबी त्यांच्यापुढं ठेवली.

"हा सूर तीन लहरी खाली आहे."

त्यांनी डबीकडे पाहिलं. "कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. रफिक म्हणतोय. जर्मन काटा काढा, आत्ता वाजवून बघा."

काटा त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी तो उचलला नाही. आई आतून दारात येऊन उभी राहिली. अण्णांनी डबी हातात घेतली, अंगठ्यानं तिची कड चाचपली, फुंकली मात्र नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी खाली बसत गेलेलं मी पाहिलं. पकडले गेलेत, असं मी समजलो.

"तीन?" त्यांनी विचारलं.

"तीन."

त्यांनी डबी बाकड्यावर ठेवली. मग ते म्हणाले, "घासला मी. मुद्दाम."

"अहो," आई म्हणाली.

"तू गप. मुद्दाम घासला. पडावास म्हणून. मग शब्द दिल्यापरमाणं हितं येऊन बसला असतास." ते माझ्याकडे बघत नव्हते. "घेतलं का त्यांनी?"

"घेतलं."

"बरं झालं."

मी तोंडाला येईल ते बोललो. काय बोललो ते आज लिहायची लाज वाटते. शेवटी, तुम्ही माझे बाप नाही, असंही म्हणालो. दोन कपडे पिशवीत कोंबून मी मिरजेला शमुवेलच्या खोलीवर गेलो आणि दौरा निघेपर्यंत तिथंच राहिलो. निघतानाही घरी गेलो नाही.

चौथा कार्यक्रम तासगावच्या अलीकडच्या एका गावात होता. आम्ही दुपारी पोचलो. मंडपात भजनी मंडळ आरतीची तयारी करत बसलं होतं. मी पांचाळ पेटीवाल्यांचा म्हटल्यावर त्यांतले एक म्हातारे, पेटीवर बसायचे ते, मला हाताला धरूनच घेऊन गेले.

"एक पांढरी अडकतीया बघ. बाकी पेटी झकास हाय. अण्णांनी लावून दिली, पंधरा दिस झालं नसतील."

मी झाकण काढलं. आतल्या लाकडावर अण्णांच्या पेन्सिलीची अक्षरं होती, नाव आणि तारीख. तारीख त्या आठ दिवसांतल्या बुधवारची होती. मी अडकलेलं बटण मोकळं केलं आणि चाचणी घ्यायला भाता ओढला.

वँव, वँव, वँव.

शेजारचं बटण दाबलं. चार. त्याच्या वरचं, दोन. मी सगळी पेटी वाजवली, एकेक बटण. एकाही बटणाखालचे दोन सूर मिसळलेले नव्हते.

"ग्वाड लागतंय न्हवं?" म्हातारबुवा म्हणाले. "अण्णांनी या खेपेला जरा थरथर घातलीया आवाजात. कुणाच्या पेटीत न्हाई अशी."

भजनी मंडळाच्या पेटीशी अण्णांचं काय वैर असणार? ही पेटी काही त्यांना कुणाला पाडण्यासाठी लावायची नव्हती. ही त्यांनी नेहमीसारखी, जीव लावून लावली होती.

मी भाता सोडला. किती, आता, गेली का. सहा वर्षं ते मला शिकवत नव्हते. ते मला विचारत होते. त्यांच्या कानांना लहर ऐकू येणं कधीच बंद झालं होतं, आणि हे माझ्या, आईच्या, सांगलीतल्या कुणाच्याही लक्षात येऊ न देता ते माझ्या कानांनी पेट्या लावत होते. ते आठ दिवस मी तिथं नव्हतो. त्या आठ दिवसांत त्यांनी सात पेट्या लावल्या आणि माझ्यासाठी एक सूर घासला. काट्याशी मिळवून, तीन दिवस, पेटीला कान लावून. मग त्यांना लहर ऐकू येईनाशी झाली तेव्हा तो मिळाला असं समजून त्यांनी तो तेल लावून पुसला आणि माझ्या हातात दिला.

आणि मी जाब विचारायला उभा राहिलो तेव्हा त्यांच्याकडे दोनच उत्तरं होती. पोराचा घात करणारा बाप, किंवा बहिरा पेटीवाला. त्यांनी पहिलं निवडलं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी पेटीत आणखी खाली वाकलो.

गिटारच्या पिशवीत माझी बारीक कानस होती. दुपारभर बसून मी ती पेटी लावली. म्हातारबुवांनी वाजवून पाहिली आणि नाराज झाले. "थरथर काढलीस व्हय?"

"अण्णांनीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "पंधरा दिवसांनी काढायची असते."

दौरा संपल्यावर मी सकाळीच दुकानात गेलो. अण्णांनी मान वर केली आणि पुन्हा पेटीत घातली. माझी माफी मागायची तयारी होती, पण मागायची तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं. मी बाकड्याच्या या बाजूला माझ्या जागी बसलो. त्यांनी भाता ओढला, बटण दाबलं आणि थांबले. या वेळी त्यांनी विचारलं नाही.

"दोन," मी म्हणालो.

त्यांनी कानस उचलली. पट्टीच्या बुडाशी दोनदा फिरवली.

"एक," मी म्हणालो. "थोडं अजून. गेली."

त्या महिन्यात आम्ही उरलेल्या सहाही पेट्या काही ना काही निमित्त काढून परत मागवल्या. त्यानंतर सव्वीस वर्षं मी सकाळी दुकानात बसलो आणि संध्याकाळी गिटार वाजवली. ताईंकडे बारा वर्षं, मग इतर ठिकाणी. माझ्या लांब सुराबद्दल लोक चांगलं बोलतात. अण्णा मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला हसत सांगायचे, "पोरगं हातचं जाऊ नये म्हणून ह्याचा सूर मीच खाली घासला हुता. तरी गेलंच." आई चिडून आत जायची. आयुष्यभर तिनं त्यांना त्याबद्दल माफ केलं नाही, आणि मी तिलाही काही सांगितलं नाही.

ते गेले त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर माणसं बसली होती. अण्णांचा हात, अण्णांचा कान, असं चाललं होतं. एवढा कान सांगलीत पुन्हा व्हायचा नाही, असं कुणी म्हणालं. मग तालमीतला एक तरुण तबलजी माझ्याजवळ सरकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काका, एक विचारू? त्यांनी तुमचा सूर मुद्दाम खोटा करून दिला होता म्हणतात. स्वतःच्या मुलाला. खरं का ते?"

आई शेजारीच होती. ती माझ्याकडे बघत होती.

"खरं," मी म्हणालो. "बरोबर तीन लहरी खाली. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."